माझ्या वतीनं

निपाणीत सहीला फार वजन आहे. गाव वाढलं ते तंबाखूच्या वखारींवर. माल आधी वखारीत जायचा, पैसे मागाहून यायचे आणि मधल्या काळात शेतकऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी असायची. त्या चिठ्ठीवर दिवाणजीची सही असली की किराणा दुकानदारही उधारी द्यायचा, असं आमचा आज्जा सांगायचा. तो स्वतः तीसेक वर्षं एका वखारीत दिवाणजी होता. (आमच्या भागात आज्ज्याला अरे-तुरेच करतात, वाचताना दचकू नका.) त्याचं अक्षर इतकं सुबक की लग्नसराईत पत्रिकांवर नावं घालायला लोक त्याला बोलावून न्यायचे. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत त्याची सही सारखीच झोकदार.

अशा माणसाची स्वतःची कागदपत्रं चोख असणारच. २०१३ साली मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यानं सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन तात्यांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या, नावे वटमुखत्यारपत्र करून दिलं. आमच्याकडे त्याला सगळे 'जीपीए'च म्हणतात. बँक, घरपट्टी, कागल हद्दीतल्या अडीच एकराचा खंड, कोर्टकचेरी, सगळं त्यात आलं होतं. "उद्या माझं डोस्कं चालंना झालं तर कुनाचं काय अडायला नको," असं तो तेव्हा म्हणाला होता. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली आज्जीच्या कमरेला.

सहा वर्षांनी डोकं खरंच चालेनासं झालं.

सुरुवात आकड्यांपासून झाली. शेकडो शेतकऱ्यांची खाती ज्याला तोंडपाठ होती, तो भाजीवालीला वीसच्या जागी दोनशे देऊन घरी यायला लागला. मग पहाटे उठून, टोपी घालून वखारीत जायला निघायचा. वखार बंद पडून कित्येक वर्षं झाली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. औषधं, रात्री सोबतीला माणूस, डायपर. महिन्याचा खर्च वाढत गेला, तेव्हा आज्ज्याच्या नावावरचं फिक्स डिपॉझिट मोडायचं ठरलं. त्याचेच पैसे, त्याच्याच औषधाला. तात्या जीपीए आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट असे दोन्ही कागद घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, "हा कागद आला, म्हणून तो कागद गेला."

तात्यांना वाटलं, बाई मुद्दाम अडवतायत. ते तसेच तडक ओळखीच्या वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, बाईंचं बरोबर आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात २०१ वं कलम आहे. मुखत्यार म्हणजे तुमचा लांब केलेला हात, अशी त्यामागची कल्पना. हात चालतो तो डोक्याच्या हुकमानं. अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की मुखत्याराचा अधिकार तिथंच संपतो. तो कुणी रद्द करावा लागत नाही. पुढचं २०९ वं कलम मुखत्याराकडे एवढंच काम ठेवतं, की हाती सोपवलेल्या गोष्टींचं रक्षण करण्यासाठी त्यानं वाजवी ती पावलं उचलावीत. म्हणजे राखणदारी. आज्ज्यानं कागद केला होता तो डोकं चालेनासं होईल त्या दिवसासाठी, आणि नेमका त्या दिवसापर्यंतच तो चालणार होता. पाऊस आला की आपोआप मिटणारी छत्री आम्ही सहा वर्षं जपून ठेवली होती.

मग लोकांचं चालतं कसं? चालतं ते असं, की डॉक्टरांचं सर्टिफिकेट कुणी बँकेत दाखवतच नाही. जीपीए पुढं करायचा, म्हातारा बरा आहे म्हणायचं. बहुतेक घरांत हे खपून जातं. पण उद्या भावाभावांत बिनसलं आणि एक जण कोर्टात गेला, की त्या काळातला एकेक व्यवहार उकरला जातो. तात्या तसे सरळ माणूस. त्यांनी जीपीए परत प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

हा नियम आपल्याला ज्यांच्याकडून मिळाला, त्या इंग्रजांकडेही पूर्वी तसाच होता. १९८५ साली त्यांनी कायदा करून बुद्धी गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आणलं आणि २००५ च्या कायद्यानं ते आणखी नीट बसवलं. आपल्याकडे १८७२ चं कलम जागच्या जागी आहे. दुसरे कायदे बघायला गेलं तर १८९० चा पालकत्वाचा कायदा लहान मुलांसाठी. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. म्हातारपणी विसरभोळा झालेला दिवाणजी त्यांतल्या कशातच बसत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजारी माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती. त्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्यानं घेतली. उपचारांच्या बाबतीत त्यानं माणसाला मोठे हक्क दिले, मालमत्तेचं ते प्रकरण मात्र गळलं. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्यालाही कोर्टाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची पायरी चढावी लागते. उरतं हायकोर्ट. कोमात गेलेल्या माणसांच्या बायकामुलांना रिट याचिकेवर पालक नेमण्याचे आदेश हायकोर्टांनी दिलेले आहेत, केरळ हायकोर्टानं तर २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वंच घालून दिली. आमच्या बेळगाव जिल्ह्यासाठी हायकोर्टाचं खंडपीठ आहे धारवाडला.

वकिलांनी हे सगळं सांगितल्यावर तात्या म्हणाले, "म्हणजे डायपरच्या पैशासाठी धारवाड?"

"होय. आणि शेत विकायचं म्हणाल तर ते महाराष्ट्रात. तिकडचं परत वेगळं बघायला लागेल."

आमच्या वतीनं कोण बोलणार, हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला तसा नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासून तो चालू आहे आणि २००४ साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेला दावा अजून उभाच आहे. पण तो प्रश्न मोर्च्याचा, पुढाऱ्यांचा, लाखो माणसांचा. घरातल्या एका माणसाच्या वतीनं कोण बोलणार, यावर आमच्याकडे कधी कुणी तोंड उघडत नाही. गृहीतच असतं, थोरला मुलगा. आणि बँकेच्या पासबुकावर नॉमिनी लिहिलेला असतो, त्यावर सगळे निर्धास्त. नॉमिनी हा मेल्यानंतरचा माणूस. आज्ज्याच्या डिपॉझिटवर आज्जीचं नाव नॉमिनी म्हणून होतं. तो जिवंत होता तोवर तिला त्यातला एक रुपयाही काढता येत नव्हता.

धारवाडला कुणी गेलं नाही. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आत्यानं पाटल्या मोडल्या, दोन-अडीच वर्षं निघाली.

पैशाचं निघालं कसंतरी. खरी गाठ २०२२ च्या पावसाळ्यात पडली. आज्ज्याला न्यूमोनिया झाला. बेळगावच्या एका दवाखान्यात आयसीयूत घातलं आणि तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. आठव्या दिवशी तरुण डॉक्टर बाहेर आले, आम्ही सात जण बाकड्यांवर बसलेलो. त्यांनी कुठलीच घाई केली नाही, उलट खूप सावकाश विचारलं, "बरे असताना आजोबा याबद्दल कधी काही बोलले होते का? असं झालं तर काय करावं, म्हणून?"

सात माणसांत एकालाही उत्तर येत नव्हतं. शेतीचा खंड किती घ्यायचा, कुणाच्या लग्नात किती आहेर करायचा, हे सगळं आज्ज्यानं सांगून ठेवलं होतं. हे नव्हतं सांगितलं.

तात्या म्हणाले, "जे जे करता येतं ते सगळं करा." आत्या म्हणाली, "बास करा आता, किती टोचताय त्याला." दोघांनाही आज्जा जीव की प्राण. पण दोघंही बोलत होती ती स्वतःच्या वतीनं. आज्ज्याच्या वतीनं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. अकराव्या दिवशी आज्जा गेला आणि पुढचं वर्षभर तात्या आणि आत्या एकमेकांशी बोलले नाहीत. दिवाळीला भाऊबीज झाली नाही. आज्जीनं ते वर्ष फार वाईट काढलं.

पुढं कॉलेजसाठी मुंबईला आले आणि एकदा लायब्ररीत अरुणा शानबाग यांच्या खटल्याबद्दल वाचलं. नाव आधी ऐकलेलं होतं. त्या मूळच्या आमच्याच राज्यातल्या, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या, हे ठाऊक नव्हतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला, तेव्हा वय २५. मेंदूला इजा झाली आणि पुढं जवळजवळ ४२ वर्षं त्या त्याच हॉस्पिटलात अंथरुणावर होत्या. त्यांना यातून सोडवावं म्हणून लेखिका पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. ७ मार्च २०११ ला निकाल लागला. इच्छामरणाच्या चर्चेत तो निकाल नेहमी येतो, मला मात्र त्यातला वेगळाच भाग डोक्यात राहिला. कोर्टाला आधी ठरवावं लागलं, की या बाईचं माणूस कोण. तिच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा? कोर्टानं सांगितलं, ज्यांनी इतकी वर्षं तिला न्हाऊ-खाऊ घातलं, त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्या परिचारिकांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, त्याही न्यूमोनियानंच.

कोर्टानं निवडलेली माणसं योग्यच होती, असं मला वाटतं. नाव किंवा नातं बघून निवडली नाहीत, केलेलं बघून निवडली. पण स्वतः अरुणाताईंनी कुणाचं नाव घेतलं असतं? पंचविसाव्या वर्षी हा प्रश्न त्यांना कोण विचारणार होतं, आणि कशाला?

हे सगळं मी सुट्टीत आज्जीला सांगितलं. आज्जी शाळेत गेलेली नाही. निपाणीच्या बाजारात कन्नड, घरात मराठी, दोन्ही भाषा फाडफाड बोलते, वाचता एकही येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता मला नाव घेता येतंय का?"

येतं. हे मला खरोखर सांगायचं आहे, कारण आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कुठलाही सज्ञान माणूस आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमू शकतो. उद्या मानसिक आजारामुळे मला माझ्या उपचाराचा निर्णय घेता आला नाही, तर माझ्यासोबत आणि माझ्यासाठी हा माणूस उभा राहील, एवढं लिहायचं. आणि कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की हे कोऱ्या कागदावर लिहून त्यावर सही किंवा अंगठा पुरे. ज्या आज्ज्याची सही दोन लिप्यांत झोकदार होती, त्याला जे जमलं नाही, ते अंगठेबहाद्दर आज्जीला जमणार होतं.

दुसरा कागद आयसीयूसाठी. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला 'कॉमन कॉज'च्या खटल्यात लिव्हिंग विलला मान्यता दिली. बरं होण्याची आशा उरली नाही तर कुठले उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं आणि आपल्या वतीनं बोलायला एक किंवा जास्त माणसं नेमायची. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानंच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. वेळ येते तेव्हा कागद दाखवला आणि नळ्या काढल्या असंही होत नाही. आधी हॉस्पिटलचं वैद्यकीय मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, आणि तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती घेतात. कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढून हे राज्यात लागू केलं. दावणगेरेच्या निवृत्त शिक्षिका एच. बी. करिबसम्मा यांनी सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी त्याआधी कितीतरी वर्षं झगडा दिला होता.

आज्जीला मरणाचं बोलायला भीती नाही. निपाणीजवळ दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावर भोज नावाचं गाव आहे, आचार्य शांतिसागर महाराजांचं. आमच्या गल्लीत निम्मी घरं जैनांची, त्यामुळं महाराजांची गोष्ट आज्जीला पाठ. दृष्टी गेली, चालताना पायाखालचा जीव दिसेना, म्हणून १९५५ साली त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. त्याच दिवसांत आचार्यपद त्यांनी वीरसागर महाराजांवर सोपवलं, ते तेव्हा लांब जयपूरला होते. सल्लेखना हे व्रत आहे, लिव्हिंग विल हा सरकारी कागद. दोन्हींची गाठ घालायचा माझा विचार नाही. आज्जीनंही घातली नाही. ती एवढंच म्हणाली, "शुद्धीत हुते तवर कुनाला काय द्यायचं ते देऊन मोकळे झाले बघ. आन् जवळच्यालाच दिलं असं न्हाई. जो पेलंल त्याला दिलं."

आणि तिनं आत्याचं नाव घेतलं.

घरात जे व्हायचं ते झालं. तात्या काही बोलले नाहीत, ताटावरून उठून गेले. आमच्याकडे लेक म्हणजे दिल्या घरची. सही घ्यायची झाली तर ती हक्कसोडपत्रावर घ्यायची, हीच रीत. थोरला मुलगा घरात असताना बेळगावात शहापूरला नांदणाऱ्या, पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या लेकीचं नाव? काकूनं आईला हळूच विचारलं, "म्हणजे शेत पण आक्काच्या नावावर होनार काय?"

नाही होणार. नामनिर्देशित प्रतिनिधीला मालमत्तेवर बोटभरही हक्क मिळत नाही. लिव्हिंग विलमधल्या माणसालाही नाही. शेताचं मृत्युपत्रात लिहायचं, ते वेगळं. हे मी काकूला तीनदा सांगितलं, तात्यांना सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी आज्जीनंच त्यांना परसात बोलावलं. मी धुणं वाळत घालत होते, ऐकू येत होतं.

"तात्या, रुसू नको. तू मला सोडनार न्हाईस, म्हायत हाय मला. खरं मला सोडनारं मानूस पायजे."

(आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. पुण्यामुंबईची माणसं गोंधळतात. मला मात्र त्या दिवशी तो शब्द दोन्ही अर्थांनी ऐकू आला.)

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि सोडायची वेळ नसली तर? आक्का घाई करंल. तिला बघवत न्हाई."

हा प्रश्न रास्त होता. आज्जीनं तो रास्तच धरला. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, आयसीयूच्या कागदावर दोन नावं घाला, आक्का आणि तात्या. दोघांनी मिळून सांगायचं. "वरीसभर बोलला न्हाईसा एकमेकाशी. आता माझ्यापायी तरी बोलशीला." वकिलांनी सावध केलं, दोघांचं जमलं नाही तर अडेल. म्हणून कागदात आज्जीच्याच शब्दांत काय हवं आणि काय नको ते सविस्तर लिहिलं. माणसं ओळखत असेन, घास गिळत असेन, तर सगळं करा. ओळख गेली, आणि मशीनशिवाय दम येईना, आणि डॉक्टर म्हणाले की आता हेच राहणार, तर मशीन नको. दुखू देऊ नका. तोंडात पाणी घाला. घरी न्यायला जमलं तर घरी न्या. लिहायला दीड पान लागलं, बोलायला चार संध्याकाळी लागल्या. त्या चार संध्याकाळी तात्या आणि आत्या एका सतरंजीवर बसले होते. मला वाटतं कागदाचं निम्मं काम तिथंच झालं.

एक अडचण आमच्या भागातली. कागद मराठीत, कारण आज्जीला वाचून दाखवायचा तर तिला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. पण उद्या आयसीयूत जे डॉक्टर असतील त्यांना मराठी येईलच असं नाही. म्हणून कन्नड आणि इंग्रजी भाषांतरं जोडली. भाषेवरून आमच्याकडे बसच्या काचा फुटलेल्या आहेत. आज्जीच्या कागदावर तिन्ही भाषा एका पिनेत टाचून बसल्या. नोटरींनी तिला मराठीत सगळं परत विचारलं, कुणी जबरदस्ती केली काय, समजलं काय. आणि शेवटी सवयीनं म्हणाले, "अज्जी, इल्ली हेब्बट्टु वत्तरी." इथं अंगठा दाबा. आज्जीनं दाबला. मग अंगठा पदराला पुसत म्हणाली, "सोसायटीच्या कर्जाला दिला, रेशनला दिला. माझ्यासाठी आज पयल्यांदा दिला."

पैशाचं तिचं काही फार नाही. खातं आईसोबत जोडून घेतलं, दोघींपैकी कुणालाही काढता येईल असं. बोरमाळ आणि कुड्या तिनं स्वतःच्या हातानं वाटून टाकल्या. बुद्धी गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आपल्या देशात येईपर्यंत यापेक्षा जास्त काही करता येत नाही, असं वकील म्हणाले. तो कायदा व्हायला हवा, हे मी इथं स्पष्ट लिहिते. घरोघरी म्हातारी माणसं वाढतायत आणि १८७२ चं कलम त्यांना पुरणारं नाही.

आता तुमच्या-माझ्याबद्दल. हा अंक वाचणारे बहुतेक जण विशीतले. हे आज्जा-आज्जींचं प्रकरण आहे, असं वाटणं साहजिक आहे. निपाणीहून बेळगावला जाताना हायवेवर तवंदीचा घाट लागतो. त्या घाटात किती मोटारसायकली गेल्या ते आमच्या गावातल्या कुठल्याही घरात विचारा. दोन्ही कायद्यांत अट एवढीच, की माणूस सज्ञान हवा आणि शुद्धीत हवा. म्हातारा हवा असं कुठंच नाही. अरुणाताई २५ वर्षांच्या होत्या. मोबाइलमध्ये आपण 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' भरतो, तो नंबर फक्त फोन करायला उपयोगी. फोन उचलणाऱ्याला आपल्या मनातलं ठाऊक आहे का, हे मोबाइल विचारत नाही.

मी माझ्यासाठी नाव शोधायला बसले, तेव्हा कळलं की हे प्रेमाच्या क्रमानं लावता येत नाही. आई माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम करते, पण आईला माझ्याबद्दल 'नको' हा शब्द उच्चारता येणार नाही. जिवाभावाची मैत्रीण आहे, तिला माझ्या घरच्यांपुढे उभं राहता येईल का? कायद्याला रक्ताचं नातं लागत नाही, आमच्या घराला लागेल. असं एकेक नाव गाळत मी धाकट्या भावापाशी आले. तो कमी बोलतो. एकदा ऐकलेलं विसरत नाही. भांडण झालं तरी माझं म्हणणं मलाच बरोबर ऐकवतो, माझ्यापेक्षा नीट. प्रतिनिधी सज्ञान असावा लागतो, आणि त्याला अठरा पूर्ण व्हायला अजून तीन महिने आहेत.

मागच्या रविवारी फोनवर त्याला विचारलं, होशील का म्हणून. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "होतो की. खरं आधी सांग, तुला काय काय नको?"

मी म्हटलं, वही घे.